सोसायटीच्या संगणकासाठी १५०० रुपयांत कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

ऐरोली_सचिव: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात विंडोज १० वर चालणारा एक संगणक असून त्यात देखभाल शुल्काचे हिशेब आणि सभासदांची कागदपत्रे आहेत. ‘थकीत बिल’ अशा नावाच्या जोडफाइली ईमेलवर वारंवार येऊ लागल्या आहेत. वार्षिक १५०० रुपयांपर्यंतचा अँटिव्हायरस कृपया सुचवावा.

वाशीकर: दीड हजारात काय येणार? माझ्याकडे चार हजारांचे पॅकेज आहे. त्यात व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी गुप्त ठेवणारी सोय), पासवर्ड सांभाळण्याची सोय आणि मुलांच्या वापरावर नियंत्रण हे सर्व मिळते.

घोडबंदरकर: सोसायटीच्या कार्यालयात मुले कुठून आली? विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरेसा आहे. खरी अडचण अशी की, विंडोज १० चे नियमित साहाय्य, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, विंडोजच्या ज्या त्रुटीतून पसरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ती न बसवलेले संगणक अडकले. विंडोज ११ घ्या.

उरणचा_रहिवासी: नुसत्या अपडेटवर विसंबू नका. वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या व्हायरसने जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता आणि मेमरीतले पासवर्ड उचलून अद्ययावत यंत्रांवरही पोहोचत होता.

घोडबंदरकर: म्हणून अपडेट करूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

कळव्याचे_काका: संगणकाचे काय घेऊन बसलात? हल्ली चोर मोबाइलमधून येतो. ई-चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) येते, ती बसवून परवानग्या दिल्या की एसएमएसमधले ओटीपी परस्पर पलीकडे जातात. संस्थेच्या बँक खात्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, ते आधी पाहा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा.

नौपाडा_सीए: अँटिव्हायरस कोणताही घ्या, पण बॅकअपसाठी दोन बाह्य डिस्क ठेवून त्या आलटून पालटून वापराव्यात आणि काम झाल्यावर काढून कपाटात ठेवाव्यात, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करते. बॅकअपमधली एखादी फाइल अधूनमधून उघडूनही पाहावी. दुसरे असे की, विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग मुळात लपवून ठेवते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल ‘बिल.पीडीएफ’ अशी दिसते आणि माणूस निर्धास्तपणे क्लिक करतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ती लपवाछपवी बंद करावी. रोजचे काम सर्व अधिकार असलेल्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नये.

वाशीकर: बॅकअप हवाच, मीही तेच म्हणणार होतो. माझ्या पॅकेजमध्ये तोही आहे.

ऐरोली_सचिव: सर्वांचे आभार. समितीने १४०० रुपयांचा अँटिव्हायरस घेण्याचे ठरवले आहे. डिफेंडर फुकट असल्याने त्याची पावती मिळत नाही आणि सर्वसाधारण सभेत ‘सुरक्षेसाठी काय केले?’ असे विचारल्यावर पावतीच दाखवावी लागते. संगणक २०१५ चा असल्याने विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. नव्या संगणकाचा आणि डिस्कचा विषय पुढील अंदाजपत्रकात घेऊ. फाइलींची पूर्ण नावे मात्र आजच दिसू लागली आहेत.

नौपाडा_सीए: डिस्कचा खर्च किरकोळीत बसतो, त्यासाठी अंदाजपत्रकाची वाट पाहू नका.

वाशीकर: आणखी अडीच हजार घातले असते, तर व्हीपीएनही मिळाले असते.