आयसीयूत भेटायला येणाऱ्यांना काय सांगून ठेवावं?

कोयनाकाठ
सासऱ्यांची बायपास गुरुवारी आहे. गावाकडून दहा-बारा जण निघायच्या तयारीत आहेत. आयसीयूत दिवसातून दोनदा, एका वेळी एकच माणूस, असा दवाखान्याचा नियम. "साधं भेटूही देत नाहीत" असं कुणाच्या मनात येऊ नये म्हणून कारणांसकट सांगायचंय. अंगारा-तीर्थ चालतं का?

वॉर्डसिस्टर
आधी हात. आत जाताना आणि बाहेर पडतानाही. सॅनिटायझर ओंजळीत भरपूर घ्या आणि कोरडं होईपर्यंत, २० ते ३० सेकंद चोळा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. बहुतेक जण नुसते तळवे चोळतात. अंगठा, बेचक्या आणि बोटांची टोकं राहतात, आणि पेशंटला हात लागतो तो या टोकांचाच. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा, त्यांच्याखाली सॅनिटायझर पोचत नाही. चपला काढताना हाताला घाण लागते, म्हणून आधी चपला, मग हात. धुतल्यावर मोबाइल धरलात तर पुन्हा पहिल्यापासून.

पेशंटला संसर्गाचे जुलाब असतील तर साबणच हवा. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

कॉटवर बसू नका. अलार्म वाजला तर बटण न दाबता सिस्टरना हाक मारा. व्हेंटिलेटर असताना डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू नये म्हणून. "अवघडलेत बिचारे" म्हणत कुणी कॉट सपाट करतं, ते फार धोक्याचं.

भूलशास्त्र
अंगारा आत नकोच, उशाखालीसुद्धा. छातीवर ताजी जखम, मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी; ती राख तिथे उडाली तर जंतूंना थेट रक्तापर्यंत वाट मिळते. तुमच्याच कपाळाला लावा, घरच्या देवापुढे ठेवा, भावना तीच.

ऑपरेशनच्या सकाळी तीर्थ-प्रसाद देऊ नका. हलकं खाणंही भुलीच्या किमान ६ तास आधी थांबवतात, साधं पाणी २ तास आधी. पोटात काही असेल तर भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. व्हेंटिलेटरची घशातली नळी काढल्यावरही काही काळ गिळणं बेभरवशाचं असतं, म्हणून पहिला घोट सिस्टरना विचारूनच. नारळपाण्याचा आग्रह तर हमखास होतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ऑपरेशननंतर मूत्रपिंडं मंदावली असतील तर ते रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकतं.

कापूर, उदबत्ती अजिबात नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या झोतातली चादर क्षणात भडकते.

कोयनाकाठ
पुतण्याच्या वर्गात कांजिण्या आहेत. त्याला अजून काही झालेलं नाही. आणावं का?

वॉर्डसिस्टर
त्याला कांजिण्या होऊन गेल्या नसतील आणि लसही झाली नसेल तर आणू नका. लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांत पुरळ उठतं आणि त्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ती दुसऱ्याला लागते, म्हणजे मूल ठणठणीत दिसत असतानाच. ताप, खोकला, जुलाब असलेल्या मोठ्यांनाही हेच लागू.

आणि डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच अर्थ निघतात, आणि दारातल्या भांडणांना बरेचदा तिथूनच तोंड फुटतं. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने दवाखान्यात डॉक्टर-परिचारिकांवर हात उचलणं अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाकीच्यांना व्हिडिओ कॉल करायचा तर सिस्टरना विचारून, आणि शेजारच्या कॉटवरचा पेशंट दिसणार नाही असा.