मदत हवी आहे: माजी सैनिकांच्या हयातीच्या दाखल्यांसाठी गावात शिबिर

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात निवृत्त फौजी आणि फौजींच्या विधवा बऱ्याच आहेत. हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात त्यांना शहर गाठावं लागतं. आम्ही सहा जण दोन दिवस शाळेत बसून मोबाइलवर दाखले काढून देणार आहोत. सगळ्यांचं पेन्शन आता 'स्पर्श'वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर आहे. तयारी काय करावी? कुठे चुकतं?

दप्तर:
तुमच्या प्रत्येक फोनमध्ये 'जीवन प्रमाण' (दाखला काढायला) आणि 'आधार फेस आरडी' (चेहरा जुळवायला) ही दोन्ही ॲप आधीच घालून ठेवा. ऑपरेटर म्हणून नोंदणी तुमच्याच आधारवर, एकदाच होते. पुढे त्याच फोनवरून कितीही जणांचे दाखले निघतात.

चुका होतात त्या रकान्यांत. पेन्शन वाटप करणारी संस्था विचारली की लोक सवयीने बँक निवडतात. तिथे 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)', म्हणजे फौजी पेन्शनचं लेखा कार्यालय हवं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक स्पर्शमधला नवा टाका, जुन्या कागदावरचा नको. विधवेसाठी 'सर्व्हिस' नव्हे, 'फॅमिली' पेन्शन. आणि पुनर्विवाहाचा प्रश्न घाईत पुढे ढकलू नका, मोठ्याने वाचून उत्तर घ्या. तिथे चुकून 'हो' झालं तर त्या माउलीचं पेन्शन अडकेल.

शेवटी ॲपवर दाखल्याचा प्रमाण क्रमांक आला म्हणजे दाखला मंजूर झाला असं नाही. तो नाकारलाही जातो. म्हणून क्रमांक वहीत लिहा, काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. शिबिर पहिल्या आठवड्यातच घ्या, दुरुस्तीला वेळ राहतो.

कोयनाकाठ:
आभार. चेहरा जुळलाच नाही तर? काही आजोबा अंथरुणावर आहेत.

दप्तर:
त्यांच्या घरी फोन घेऊन जा. तोंडावर उजेड पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. चष्मा, फेटा, मफलर काढायला सांगा. पापणी मिटून उघडायची असते, हे आधी सराव करून दाखवा. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर जुळत नाही. मग सीएससी (सामाईक सेवा) केंद्रात बोटांच्या ठशांवर करा. तेही जमलं नाही तर कागदी दाखला अधिकृत अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी स्पर्शवर चढवता येतो.

बेळगाव_रेकॉर्ड:
दाखल्यापेक्षा मोठं काम त्याच टेबलावर होऊ शकतं. फौजी हयात आहेत तोवर डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक), पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून बायकोचं नाव आणि जन्मतारीख ताडून पाहा. एका कागदावर 'लक्ष्मी', दुसऱ्यावर 'लक्ष्मीबाई', तिसऱ्यावर माहेरचं नाव, हे सर्रास आढळतं. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन याच फरकावर थांबतं, आणि तेव्हा धावपळ एकट्या बाईला करावी लागते. दुरुस्ती त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून होते; मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. शिबिराची तारीखही त्यांना कळवा.

घरच्यांना हेही सांगा: मृत्यू झाला की स्पर्शवर लगेच कळवायचं. नंतर जमा झालेली रक्कम वसूल होते.

एक कृपा करा. कुणाचा स्पर्शचा पासवर्ड, ओटीपी वहीत उतरवू नका, आधारचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवू नका.