सर्वात जुना क्लब: शेफील्ड एफसी

इंग्लंडच्या नॉट्स काउंटीला अनेकदा जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब म्हटलं जातं. व्यावसायिक क्लबांपुरतं ते खरं आहे, पण नॉट्स काउंटी १८६२ चा आणि शेफील्ड एफसी १८५७ चा. नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफील्ड एफसी काढला. आज तो अर्धव्यावसायिक पातळीवर, इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये खेळतो, म्हणून चर्चेत सहसा येत नाही.

त्यांची आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचे १८५८ चे नियम. सुरुवातीला खेळायला दुसरा क्लबच नव्हता, त्यामुळे सभासद आपापसातच भिडायचे, कधी लग्न झालेले विरुद्ध अविवाहित. म्हणून एक नियमच होता: प्रत्येकाने लाल आणि गडद निळी अशा फ्लॅनेलच्या टोप्या स्वतः आणायच्या, एका संघाने एक रंग घालायचा. हाताने ढकललेलं चालायचं, तंगडी घातलेली मात्र अजिबात नाही. ऑफसाइडचा, म्हणजे चेंडूच्या पुढे प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ थांबून पास घेण्यावरच्या बंदीचा, तर पत्ताच नव्हता! हे हस्तलिखित नियम क्लबने २०११ मध्ये सदबीजच्या लिलावात काढले आणि जुन्या कागदपत्रांसह ते ८,८१,२५० पौंडांना गेले. फिफाने २००४ मध्ये रेआल माद्रिदच्या जोडीने ज्याचा सन्मान केला, त्या क्लबवर पैशासाठी आपला जन्मदाखला विकायची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं. आणि २००१ पासून त्यांचं मैदानही शेफील्डमध्ये नाही, शेजारच्या डर्बीशरमधल्या ड्रॉनफील्डला आहे.