बाजरी काढणीला आली आणि बांधाकडेला लाव्याचं घरटं सापडलं, सल्ला हवा

जिरायत_ताई
नमस्कार मंडळी. आमची शेती बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला, सगळी जिरायत. बाजरी कापायला आली आहे. काल कणसं बघत बांधाकडेने जात होते, तर पायाजवळून एक बारका पक्षी निघाला. उडाला नाही, मान खाली घालून पळत बाजरीत शिरला. गवताच्या बुडख्यात खळगा होता आणि त्यात चार अंडी. एका टोकाला निमुळती, राखाडी-पांढरी, त्यावर तपकिरी-जांभळ्या ठिपक्यांची दाटी. सासरे म्हणतात लावा आहे. पण माळावरचे लावे मी पाहिलेत, ते आठ-दहा एकदम पायाखालून फडफडत उठतात. हा तसा नव्हता. शिवाय संध्याकाळी त्याच बाजूने, लांबून मोटारसायकल यावी तसा घुर्र आवाज बराच वेळ येत राहतो.

हा नक्की कोण? अंडी उचलून दुसरीकडे ठेवली तर चालेल का? आणि ओळख शिकायला अ‍ॅप किंवा दुर्बीण कोणती घ्यावी? मजूर परवापासून येणार आहेत, म्हणून जरा घाई आहे.

माळटिटवी
ताई, आधी महत्त्वाचं: अंडी हलवू नका. जागा बदलली की पक्षी तिथे येऊन बसेल याचा काही भरवसा नाही.

तुमच्या वर्णनावरून हा पट्टेरी दुर्लाव. चार निमुळती, ठिपकेदार अंडी आणि तो घुर्र आवाज, दोन्ही त्याचेच. दिसायला लाव्यासारखा असला तरी लाव्याच्या नात्यातला नाही. लावे कोंबडी, तित्तर, मोर यांच्या कुळातले. दुर्लावांना आधी क्रौंचांच्या गणात धरायचे, पण डीएनए तपासल्यावर त्यांची जागा टिटवी, सुरय, कुरव यांच्या गणात ठरली. पुन्हा दिसला तर पाय बघा. पुढे तीन बोटं असतात आणि मागचं बोट नसतंच. ओल्या मातीत ठसे उमटले असतील तर पक्षी न दिसताही हे कळतं.

त्यांचा संसारही वेगळा. मादी मोठी आणि रंगाने ठळक, गळा-छाती काळी. संध्याकाळी ऐकू येतो तो आवाज तिचा. ती नराला बोलावते, दुसऱ्या मादीशी भांडते, अंडी घालते आणि पुढच्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं फिरवणं हे काम नराचं. म्हणजे काल तुमच्या पायाजवळून पळाला तो बहुतेक बाप होता. उबवण साधारण 12 ते 14 दिवसांची, पिल्लं सुकली की लगेच चालायला लागतात. त्यामुळे तुम्हाला फार तर दोन आठवडे तेवढी जागा सांभाळायची आहे.

कुसळीचा_माळ
ओळख बरोबर आहे, माझंही तेच मत. माळावरचे तुमचे आठ-दहा म्हणजे दगडी लावा असणार, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या भागात तो चांगला दिसतो. नराच्या छाती-पोटावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा, मादी सपक विटकरी. हे टोळीने राहतात. रात्री जमिनीवर गोल करून, तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवून बसतात. त्यामुळे कुठूनही धोका आला तरी कुणाला तरी आधी दिसतो आणि सगळे वेगवेगळ्या दिशांना उठतात. अंडी पांढुरकी, ठिपके नसलेली, म्हणून दुर्लावाच्या अंड्यांशी गल्लत होत नाही.

पावसाळ्यात पिकात 'व्हिच-व्हिच' असा दोन ठोक्यांचा आवाज आला, तर तो पावसाळी लावा, नराची छाती काळी. आणि थंडीत गहू-हरभऱ्यात मोठा लावा येतो, तो उत्तरेकडून स्थलांतर करून. त्याची शीळ तीन ठोक्यांची.

हे सगळे दिसतात कमी, ऐकू जास्त येतात. म्हणून दुर्बिणीआधी कान तयार करा. झेनो-कँटो या संकेतस्थळावर सगळ्यांचे आवाज फुकट ऐकता येतात. आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगणारं मर्लिन अ‍ॅपही घ्या, पण त्याने दिलेलं नाव लगेच खरं धरू नका, ध्वनिमुद्रण ठेवून ताडून बघा. फक्त आवाज शेतात स्पीकरवर वाजवू नका, मादी आपली हद्द सोडून त्या आवाजामागे धावते. दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची घ्या. जास्त ताकदीची घेतली तर हात हलतो आणि गवतात पक्षी सापडत नाही.

करमाळा_शेतकरी
काढणीचं मी सांगतो. घरट्याभोवती चार काठ्या रोवा आणि दोन-तीन पावलांचा तुकडा उभा ठेवा. काठ्यांना चिंधी बांधू नका. ती बघून माणूस, कुत्रं, कावळा सगळेच चौकशीला येतात. मजुरांना सकाळीच जागा दाखवून सांगा. आमच्याकडे बायका स्वतःहून तो तुकडा सोडतात, एकदा कळलं की कुणी विळा लावत नाही. त्या ठिकाणी जेवायला बसू नका आणि सरमडाचा ढीगही लावू नका.

बाकीचं रान मधून कडेला कापत या. चहूकडून आत कापत आलात तर पक्षी मधल्या तुकड्यात कोंडतात आणि शेवटच्या ओळींत सापडतात. हार्वेस्टर असेल तर हे आणखी पाळायला हवं, आणि रात्री चालवू नका.

काढणीनंतर बांध पेटवू नका, ही हात जोडून विनंती. मारवेल, पवन्या ही गवतं तेवढी राहू द्या. लाव्यांची पिल्लं पहिले काही दिवस किड्यांवरच वाढतात, तेव्हा बांधावर फवाराही नको. औषध लावलेलं बियाणं पेरताना सांडलं तर मातीआड करा, हे पक्षी जमिनीवरचा दाणा टिपतात.

जिरायत_ताई
खूप आभार. काठ्या रोवल्या आहेत, नर परत बसलेला लांबून दिसला. आता आणखी एक विचारते. चुलत दीर बटेरपालन करतात, म्हणजे शेडमध्ये लावे पाळतात. ते म्हणाले, आमच्याकडचे पाच-पन्नास तुमच्या माळावर सोडू, लावे वाढतील. सोडू का?

अंडी_उबवणी
ताई, नको. माझं स्वतःचं बटेरपालन आहे, म्हणून कळकळीने सांगतो. शेडमधला पक्षी जपानी लावा, वेगळी जात. पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला. सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो, पण अंड्यांवर बसायची सवय त्याची बहुतेक मोडली आहे. आम्ही 17-18 दिवस यंत्रातच उबवतो. उबवणी पुरी व्हायला आली की अंड्यांतून टकटक ऐकू येते. पिल्लं कवचातून एकमेकांना ऐकून बाहेर पडायची वेळ जुळवतात, त्यामुळे सगळी जवळजवळ एकदमच निघतात. मी अजूनही ते ऐकायला यंत्राला कान लावतो.

असा पक्षी माळावर सोडला तर बहुतेक मुंगूस-मांजराच्या तोंडी जाईल. आणि जगलाच, तर थंडीत येणाऱ्या मोठ्या लाव्याशी त्याचा संकर होऊ शकतो. युरोपात शिकारीसाठी सोडलेल्या पक्ष्यांमुळे असे संकर नोंदले गेले आहेत. दीरांना सांगा, पालन खुशाल करा, पण सोडू नका.

कुसळीचा_माळ
यात एक भर. गावात कुणी फास किंवा जाळं लावून रानातले लावे विकत असेल तर तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. वनखात्याचा 1926 नंबर आहे, त्यावर कळवा. आपल्या देशातला हिमालयी लावा 1876 नंतर खात्रीने कुणाला दिसलेला नाही. त्याच्या शेवटच्या नोंदी गोळी घातलेल्या पक्ष्यांच्या आहेत.

जिरायत_ताई
दीरांना दाखवलं, ते ऐकणार आहेत. मजुरांतल्या एका मावशींनी पलीकडच्या बांधावर पांढुरक्या अंड्यांचं आणखी एक घरटं दाखवलं, तिथेही काठ्या लावते. तिथे किती दिवस थांबू?

माळटिटवी
पांढुरकी, बिनठिपक्यांची म्हणजे दगडी लावा दिसतोय, तिथे तीन आठवडे धरा. रोज जाऊन बघू नका, लांबूनच नजर ठेवा. दोन्ही घरटी रिकामी झाली की ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका, तुमच्या भागातल्या जिरायत रानातल्या नोंदी कमी असतात.