तुमच्या दहावीच्या बॅचचं कौतुक कुणी, कसं केलं? (टक्के सोडून सांगा)

पायरीवरची
परवा आमच्या चौकात फ्लेक्स लागला. वर आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक. खाली टपाल तिकिटाएवढ्या चौकोनांत दहावी पास झालेली पोरं. दरवर्षीचंच, म्हणून पुढे निघाले होते, पण थांबले. यंदा मंडळाने वॉर्डातल्या सगळ्याच पोरांचे फोटो लावलेत आणि कुणाचेही टक्के छापलेले नाहीत. पहिली आलेली पोरगी आणि गणितात कशीबशी सुटलेला आमच्या इस्त्रीवाल्यांचा मुलगा शेजारी शेजारी. त्याची आई फोटोचा फोटो काढत होती.

मला आमचा निरोप समारंभ आठवला. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नव्वदचं दशक. नववीच्या मुलींनी रांगोळी काढलेली, बटाटावडा आणि पेढा, आम्ही आयांच्या साड्यांत अडखळतोय. हेडसर उठले, हजेरीपट उघडला आणि सगळ्या तुकडीची नावं वाचली. प्रत्येकापुढे एकच वाक्य. "हा न सांगता पाण्याची टाकी भरायचा." "हिचा आवाज लागला नाही तर प्रार्थना सुरू व्हायची नाही." "हा पाच किलोमीटर चालत यायचा आणि उशिरा मात्र शाळेसमोर राहणारे यायचे." माझ्यापुढे म्हणाले, "हिच्यामुळे ग्रंथालयाची झोप उडाली." निकालानंतर शाल-श्रीफळ पहिल्या तिघांनाच मिळालं, ते ठीकच. पण आज आमच्यातलं कुणीही भेटलं तरी स्वतःचं वाक्य अजून म्हणून दाखवतं.

तर सांगा. शाळेने केलं, गावाने केलं, घरच्यांनी केलं, काहीही चालेल. टक्के नकोत.

चहात_खारी
६८. सांगून टाकलं, आता पुढचं मोकळेपणी लिहिते.
आमच्याकडे जाणाऱ्या बॅचने शाळेला भेट द्यायची पद्धत. त्यामुळे शाळेतली प्रत्येक वस्तू कुणाची ना कुणाची आहे. पंख्यावर "१९९१ च्या बॅचकडून सप्रेम", कूलरवर २००३, व्यासपीठावरच्या माइकच्या दांड्यावरसुद्धा कुणीतरी आहे. आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं. मागच्या वर्षी मुलीच्या दाखल्यासाठी गेले तर अजून चालू! पाच मिनिटं पुढे. शिपाईमामा म्हणाले मुद्दाम ठेवलंय, बाई लोक वेळेवर वर्गात जातात.

पायरीवरची
चहात_खारी, नियम पहिल्याच प्रतिसादात मोडलास

चहात_खारी
कुणीतरी मोडायलाच हवा होता

जुना_मॅट्रिक
१९७५. राज्यात १०+२+३ आलं आणि त्या साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन परीक्षा एकदमच झाल्या. मी जुन्या अकरावीत. धाकटी बहीण नव्या दहावीत. जन्मभर तिच्या एक इयत्ता पुढे होतो, त्या वर्षी सरकारने बरोबरीत आणून ठेवलं.
शाळेला दोन समारंभ परवडेनात म्हणून एकच केला. नववीवाल्यांनी गुलाब मोजून आणलेले, ते दहावीपर्यंतच पुरले. अकरावीला झेंडू मिळाला. निकाल पेपरात यायचा, नावं नाहीत, नुसते बैठक क्रमांक. सकाळच्या एसटीने गठ्ठा यायचा आणि स्टँडवर झुंबड. वडिलांनी दोघांचे नंबर एकाच चिठ्ठीवर लिहून नेलेले. दोन्ही सापडले तेव्हा ते पेपरवाल्याला पैसे द्यायचे विसरून घरी आले आणि तोही मागे लागला नाही. पेढे मात्र एकदाच वाटले. कोणाचे म्हणून, यावर घरात अजून एकमत नाही.

भूगोल_माझा_शत्रू
काका भारी. आत्याला जास्त होते का तुमच्यापेक्षा?

जुना_मॅट्रिक
टक्के नकोत असं वर लिहिलंय ना.

भूगोल_माझा_शत्रू
😂 कळलं
माझं सांगतो. मार्च २०२० ची बॅच. शेवटचा पेपर भूगोल, २३ तारखेला. आधी पुढे ढकलला, मग रद्दच. बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. शेवटच्या पेपरनंतर गेटबाहेर शर्टांवर सह्या करायच्या ठरलेल्या, मार्करचा डबा माझ्याकडे होता. तो शर्ट अजून कोरा आहे. धाकट्या भावाने घातला नाही, त्याला ढगळ होतो. आणि ब्राझील! आख्खा ब्राझील पाठ केलेला, हवामान, लोकसंख्या, पर्यटन, सगळं. आजपर्यंत एका माणसाने विचारलेलं नाही.

मीठभाकर
ब्राझीलची लोकसंख्या कुठे जास्त दाट आहे आणि का?

भूगोल_माझा_शत्रू
आग्नेय किनाऱ्याकडे! सुपीक जमीन, खनिजं, उद्योग, वाहतुकीच्या सोयी. थँक यू. रडू येतंय

नेटवर्क_नाही
तुमचा एक पेपर गेला, आमची परीक्षाच गेली. २०२१. निकाल ९९.९५ टक्के. आजोबा म्हणाले, पास झालास ते ठीक, मला ते उरलेले ०.०५ वाले भेटायचेत.
नववीचे गुण धरले होते. म्हणजे "दहावीला बघू" म्हणून ज्यांनी नववीत मजा केली, त्यांचं काय झालं ते समजून घ्या. अभिनंदन करताना सगळे थोडे हसायचे. काकू, वॉचमन, केस कापणारे दादा, सगळे. पेढा हातात घ्यायचे आणि "तुमचं काय बाबा, मजा" म्हणायचे. आम्ही घरात कोंडून, मोबाइलच्या चार इंच खिडकीत बीजगणित केलं, दोघांच्या घरातली माणसं गेली त्या वर्षी. ते कुणी धरलं नाही.
शाळा बरीच पुढे सुरळीत झाली तेव्हा वर्गशिक्षिकांनी आम्हाला एका शनिवारी बोलावलं. आम्ही अकरावीत, दाढ्या फुटलेल्या. दहावीच्या वर्गात आपापल्या बाकावर बसवलं, हजेरी घेतली आणि एक तास मराठीचा शिकवला. शेवटी घंटा द्यायला लावली. एवढाच कार्यक्रम.

चहात_खारी
बाईंना नमस्कार सांग रे

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या गावात एका साली पहिल्यांदा साऱ्याच्या साऱ्या पोट्ट्या पास झाल्या. सरपंचानं डफडं लावून मिरवणूक काढली. भर दुपारी! जून लागला होता पण पाऊस कुठं. यवतमाळचं ऊन माहीत असन तर समजून घ्या. पोट्ट्यांच्या गळ्यात हार, हारातली फुलं अर्ध्या रस्त्यात वाळली. माझी माय म्हणे सायंकाळी काढली असती तं काय बिघडत होतं. सरपंच म्हणे सायंकाळी लोडशेडिंग. बरोबर होतं त्याचं बी.
त्यातली एक आता त्याच शाळेत शिकवते. मिरवणूक सकाळी काढते.

पाटीपेन्सिल
मुंबईत, गिरणगावात रात्रशाळेत शिकवते. दहावीचा वर्ग म्हणजे कॅन्टीनमधली मुलं, कुरिअरवाले, एक सिक्युरिटी गार्ड, घरकाम करणाऱ्या दोन ताया. दिवसभर राबून येतात, पहिल्या तासाला अर्धे पेंगतात, मी ओरडत नाही. निकाल लागतो दुपारी, पण सगळे कामावर. म्हणून आमचा निकाल रात्री "लागतो", सगळे जमल्यावर मोठ्याने वाचायचा. गेल्या वेळी एकाला गणितात बरोबर ३५ होते. ते वाचल्यावर वर्गाने बाकं अशी वडवली की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला.
एक मुलगा हॉटेलात टेबल पुसायला. त्याच्या शेठने त्या रात्री आख्ख्या वर्गाला पावभाजीला बोलावलं. मुलगा सवयीने फडकं घेऊन उभा. शेठने ते हातातून काढून घेतलं, त्याला बसवलं आणि स्वतः वाढलं. त्याच्या प्लेटमध्ये लोणी जास्त होतं. बाकीच्यांनी ते बोलून दाखवलंच.

मीठभाकर
लोणी जास्त 👌 शेठ चांगला माणूस

तिसरी_घंटा
पेढ्यांवरून, साताऱ्याचे कंदी पेढे सोडून कुणी मलई पेढे वाटत असेल तर त्याला पास धरू नये

रंकाळ्यावरचा
आलाच का साताऱ्याचा. निकालाला आमच्यात मिसळ असते, पेढा फक्त देवापुढं

तिसरी_घंटा
मिसळ काय शाळेत वाटणार आहेस का. बरं माझा अनुभव: मी रयतच्या वसतिगृहात होतो. भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला संस्था काढली तेव्हापासूनचं ब्रीद, स्वावलंबी शिक्षण. निरोप समारंभाचा स्वयंपाकही आम्हीच केला, दहावीवाल्यांनीच. पाहुणे, मास्तर, नववी, सगळ्यांना वाढलं आणि मग स्वतःचं कौतुक ऐकायला बसलो. झोप लागली निम्म्यांना.

डोंगरापलीकडे
जव्हारच्या बाजूला आश्रमशाळेवर आहे. रेंज जाते, म्हणून तुकड्यात लिहितो.
आमच्याकडे निकालाच्या दिवशी मुलंच नसतात. मे महिना, पोरं घरी, बऱ्याच जणांचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर, पोरंही तिथेच. मग आम्ही दोघे-तिघे गाड्या काढतो आणि एकेकाला गाठून सांगतो.
एकदा भट्टीवर गेलो. पोरगा विटा रचत होता. सांगितलं, पास झालास. तो म्हणाला बरं, आणि पुढची वीट उचलली. त्याच्या बापाने मात्र काम थांबवलं. मुकादम ओरडायला आला, कारण कळल्यावर त्यानेच टपरीवरून बिस्किटाचे पुडे मागवले.
शाळा उघडली की मग खरा कार्यक्रम. गुणपत्रकं घ्यायला येतात तेव्हा तारपा असतो. भाषण कुणी करत नाही, नाचता नाचता रात्र होते.

पायरीवरची
डोंगरापलीकडे, तो मुलगा पुढे काय करतो?

डोंगरापलीकडे
आयटीआय. वायरमन. शाळेतली दिवाबत्ती आता तोच बघतो

शुद्धलेखन_सैनिक
आमच्यात कौतुक फक्त संपूर्ण संस्कृतवाल्यांचं. मी संयुक्तवाला. आजोबा जेवताना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती काढायचे. सी. डी. देशमुखांना १९१२ साली मॅट्रिकला मिळाली, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले वगैरे. वरण वाढेपर्यंत देशमुख अर्थमंत्री झालेले असायचे. माझ्या निकालाच्या दिवशी मात्र आजोबा काहीच बोलले नाहीत, स्वतःचं पेन काढून दिलं. शाई गळायची. अजून गळते.
(वर "वडवली" नाही, "बडवली" हवं.)

पाटीपेन्सिल
सर, स्टाफरूममध्ये चहा ढवळत लिहिलंय. पेपर तपासायला द्यायचे का तुमच्याकडे?

जर्सीतली_जाई
न्यू जर्सीहून. लेकीचं हायस्कूल ग्रॅज्युएशन झालं आत्ता जूनमध्ये. फुटबॉलच्या मैदानावर खुर्च्या, झगे, चौकोनी टोप्या, टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे केला की झालं ग्रॅज्युएट. घरासमोरच्या हिरवळीवर मुलांच्या नावाच्या पाट्या, आख्खी गल्ली भरलेली. सासूबाई आल्या होत्या. आधीच सांगितलेलं, सगळी नावं होईपर्यंत टाळ्या वाजवू नका. नातीचं नाव आलं आणि यांनी पर्समधून घंटी काढली, पूजेची. पुढच्या रांगेतल्या मेक्सिकन आजींनी वळून पाहिलं आणि त्यांनी त्यांचा भोंगा काढला. मग कोण ऐकतंय.

चहात_खारी
घंटी 😂😂 कस्टममध्ये विचारलं नाही का

जर्सीतली_जाई
विचारलं ना. वाजवून दाखवली त्यांनी

मीठभाकर
विषयांतर होतंय, माफ करा, पण अकरावीचा ऑनलाइन फॉर्म कुणी भरलाय का? पसंतीक्रमात दहाही कॉलेजं भरावीत की चार-पाच पुरे? भाचीचं आहे

नेटवर्क_नाही
दहाही भरा. आणि एक नंबरला जे टाकाल ते मिळालं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून उगाच नावाला मोठं कॉलेज वर टाकू नका, दोन लोकल बदलून जावं लागेल असं तर नकोच

मीठभाकर
आणि शाळेलाच जोडून कॉलेज असेल तर?

पाटीपेन्सिल
इनहाउस कोटा असतो, शाळेत जाऊन विचारा. सकाळीच जा. दुपारी खिडकीवरचे साहेब जेवायला गेले की तीनपर्यंत येत नाहीत.

रंकाळ्यावरचा
तीन? नशीबवान आहात.