फ्लॅटच्या आधीची गोष्ट

फ्लॅट आले आणि एकत्र कुटुंबं मोडली, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मुंबईतल्या कापडगिरण्यांचं गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार गाववाल्यांबरोबर एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा. बायको-पोरं गावी, म्हाताऱ्यांपाशी. घर चालायचं मनीऑर्डरीवर. कुटुंब एकत्र होतं, नवरा-बायको तेवढे नव्हते! या खानावळी बहुतेक बायकाच चालवायच्या (हे सोयीस्कर विसरलं जातं). त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा कित्येक घरं बायकांच्या पोळी-भाजीवर आणि धुण्याभांड्यांवर तगली. टॉवर त्यानंतर आले.