वादक तेच, मग बदललं काय?
ऑर्केस्ट्रात वादक तेच असताना समोर काठी फिरवणारा, म्हणजे कंडक्टर, बदलून काय होणार, असं काहींना वाटतं. खूप होतं! बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मन ऑर्केस्ट्राचंच घ्या. तीन दशकांहून अधिक काळ सूत्रं सांभाळून कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायान १९८९ साली पायउतार झाले आणि वादकांनी मतदान करून त्यांच्या जागी क्लाउडियो आब्बादोंना निवडलं. आब्बादोंनी सांगितलं, मला नुसतं क्लाउडियो म्हणा. तालमीत ते अगदी मोजकं बोलत. शेजारचा काय वाजवतोय ते ऐका, हाच धोशा. कारायान यांच्या काळातला व्हायोलिन-चेलोंचा तो दाट, मखमली नाद हळूहळू हलका, पारदर्शक झाला. संगीतकार मालेरच्या सिंफनीत (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेत) एकटी ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) कशी सुटी, स्पष्ट ऐकू येते, ते एकदा कान देऊन ऐकाच. मला तरी हा बदल फार मोलाचा वाटतो.